पहिलं विरजण कुठून आलं?

आमच्या खासबागेतले भैरूआप्पा कुणाच्याही घरी गेले की चहा नको म्हणतात आणि चमचाभर दही मागतात. ते जिभेवर ठेवून डोळे मिटतात आणि निकाल देतात, "हे विरजण शेवंताआक्काकडनं आलंय. पण तुमच्यात येऊन आंबट झालंय."

आप्पा हायस्कुलात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. उत्क्रांतीसुद्धा ते दह्यावरच शिकवायचे. एकच विरजण दहा घरी जातं, प्रत्येक घरचं दूध वेगळं, ऊब वेगळी. काही वर्षांत दहा घरच्या दहा चवी.

मी बँकेतून निवृत्त, म्हणजे सगळ्याच विषयांतला जाणकार. मोबाइलवर काहीतरी वाचून एकदा त्यांना गाठलं. "आप्पा, पहिला जीव कसा जन्मला ते तुमच्या शास्त्राला सांगता येत नाही. मग उत्क्रांती कोसळलीच की."

"त्यो प्रश्न झकास हाय, पण येगळा हाय. लोक शोधाय लागल्यात. तुमच्यातलं विरजण कुठनं आलं?"

"सासूबाईंकडून."

"त्यास्नी कुणी दिलं?"

"काय माहीत."

"म्हणून दही लागायचं ऱ्हायलं काय? पयलं सोडा, पुढचं बोला."

हे त्यांचं पालुपद.

गेल्या उन्हाळ्यात आप्पा आठवडाभर लेकीकडे धारवाडला गेले. जाताना विरजणाची बरणी माझ्या हवाली केली. "थोडं ठेवायचं, रोज नव्या दुधाला लावायचं. एवढंच." तीन दिवस लावलं. चौथ्या दुपारी दहीभात असा काही जमला की बरणी पुसून खाल्ली आणि घासून उपडी घातली. चूक लक्षात आली तेव्हा ढेकरही देऊन झाली होती. आमच्या घरची चव आप्पा ओळखणार, म्हणून मी हुशारीनं दुकानातलं पिशवीचं दही बरणीत भरलं.

आप्पा परत आले. चमचा जिभेवर ठेवला, डोळे मिटले, ते उघडेनात.

"हे कोण?"

मी सगळं कबूल केलं. आप्पा कट्ट्यावर बसले. "हिचं व्हतं ते," एवढंच म्हणाले. काकूंना, म्हणजे आप्पांच्या बायकोला, जाऊन चार वर्षं झाली होती.

मी चप्पल न घालता शेवंताआक्कांकडे पळालो. आक्का आमच्या गल्लीत नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा काकूंनीच त्यांना विरजण दिलं होतं. दह्याची वाटी उचलली आणि आप्पांपुढे ठेवली. आक्का मागोमाग आल्याच, "अहो, घरात मानसं जेवाय बसल्यात."

आप्पांनी चाखलं. "बदललंय."

"मग काय तसंच ऱ्हातंय, आप्पा? माझ्यात येऊन वीस वर्सं झाली."

"घट्ट झालंय," आप्पा म्हणाले आणि दुसरा चमचा घेतला. "बेस झालंय."

मग त्यांनी स्वतः दूध कोमट केलं, विरजण लावलं, बरणीला फडकं गुंडाळलं. जरा धीर आल्यावर मी म्हटलं, "चला, आता पुढचं बोला."

आप्पांचा हात बरणीवरच होता.

"पयल्या दिवशी," ते म्हणाले, "निपाणीहून यष्टीनं आलतो. ही शालू नेसून बसलीती, मांडीवर विरजणाचं गाडगं. गाडीला दणका बसला की आदी गाडगं धरायची, मग मला."