तांबेबाईंच्या साबणातलं केमिकल

डोंबिवली पूर्वेच्या 'नवसंकल्प' सहकारी गृहनिर्माण संस्थेत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या विनिता तांबे यांनी घरच्या घरी मिठाचा साबण केला. घटना एवढीच आहे. पुढे जे झालं त्यात साबणाचा दोष नाही, आणि मिठाचा तर मुळीच नाही.

विनिताबाई एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्या नोकरीने त्यांना पेन्शन दिलं, खडूने भेगाळलेले हात दिले आणि एक वाईट सवय लावली. कुणी काही विचारलं, की त्या खरं उत्तर द्यायच्या. तेही पूर्ण. हातांना बाजारातला कुठलाच साबण सोसेना, म्हणून एके सकाळी त्यांनी घाण्याचं खोबरेल तेल, बारीक मीठ आणि कॉस्टिक सोडा ओट्यावर मांडला, हातमोजे चढवले, डोळ्यांवर गॉगल लावला, नाकातोंडाला ओढणी गुंडाळली आणि नवऱ्याला स्वयंपाकघरात यायची बंदी केली. सुदेश तांबे आयुष्यभर सीलिंग फॅन विकून नुकतेच घरी बसले होते. इतकी सोपी बंदी त्यांच्यावर आजवर कुणी घातली नव्हती.

"सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात नाही," विनिताबाईंनी आतून बजावलं. सुदेशनी काही विचारलं नव्हतं.

तेलात सोड्याचं पाणी ओतून त्यांनी ते मिश्रण बासुंदीसारखं दाट होईपर्यंत घुसळलं, मग त्यात मीठ मिसळून साच्यात ओतलं. मिठाचा साबण फार वेळ थांबत नाही. कापायला उशीर झाला की दगड होतो आणि सुरीखाली त्याचा भुगा पडतो. म्हणून जेवण बाजूला ठेवून त्यांनी दुपारीच वड्या पाडल्या आणि गॅलरीतल्या मांडणीवर पुरत्या सुकायला ठेवल्या. दीड महिन्याने पहिली वडी हातावर फिरवली तेव्हा सायीसारखा फेस आला. आठवड्याभरात भेगा मिटल्या. विनिताबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी एक वडी शेजारच्या रुचिताला नेऊन दिली.

"ताई, कसली भारी दिसतेय!" रुचिता म्हणाली. "केमिकल-फ्री ना?"

अशा वेळी माणसं 'हो' म्हणतात आणि चहा घेऊन घरी जातात. विनिताबाई म्हणाल्या, "अगं, केमिकल-फ्री असं जगात काही नसतं. पाणीसुद्धा केमिकलच. यात मी कॉस्टिक सोडा घातलेला. पण..."

"कॉस्टिक?" रुचिताने वडी दोन बोटांत धरली. "ते तुंबलेल्या पाइपात टाकतात, ते?"

"तेच. पण आता तो त्यात उरलेला नाही. तेलाशी मिळून त्याचाच साबण होतो. सगळेच साबण तसेच होतात."

पण रुचिताचं ऐकणं पहिल्या 'पण'पाशीच थांबलं होतं. तासाभरात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर '३०२ मध्ये कॉस्टिक' असा मेसेज आला. दुपारपर्यंत त्याचं '३०२ मध्ये ॲसिडचा साठा' झालं, आणि चहाच्या वेळी कुणीतरी परराज्यातल्या एका स्फोटाचा फोटो टाकून खाली हात जोडले.

संस्थेची तातडीची सभा भरली. अध्यक्ष दौलतराव घाग यांची सगळी हयात जकातीच्या नाक्यावर गेली होती. पुढे जकात बंद झाली, नाका पाडला गेला, दौलतराव उरले. आपल्यासमोरून जाणाऱ्या कुठल्याही वस्तूतून थोडंसं काढून घेतल्याशिवाय तिला पुढे जाऊ देणं त्यांना अजूनही बेकायदा वाटे. चिटणीस सुशांत ठाण्याला आयटीत होता आणि कार्यवृत्त लॅपटॉपवर लिहीत असे.

सभा सुरू होताच कारखान्यांच्या बाजूने रोजचा तो कुजका, डोळे चुरचुरवणारा वास आला. एका सदस्याने सवयीने उठून खिडक्या लावल्या, दुसऱ्याने उदबत्ती पेटवली, तिसरे खोकले. मग हवेतील विषारी द्रव्यांपासून रहिवाशांना असलेल्या धोक्याचा विषय, म्हणजे तांबेबाईंची गॅलरी, चर्चेला घेण्यात आला.

"मॅडम, तुमच्या घरात केमिकल आहे, हे तुम्ही मान्य करता?" दौलतरावांनी विचारलं.

"तुमच्याही घरात आहे. मीठ केमिकल, व्हिनेगर केमिकल..."

"नोट करा," दौलतराव सुशांतला म्हणाले. "मान्य केलं. शिवाय अध्यक्षांच्या घरावर आरोप केला."

दुसऱ्या दिवशी पाहणी पथक आलं. सगळ्यांनी मास्क लावले होते आणि चपला मात्र शिस्तीत दाराबाहेर काढल्या होत्या. दमट हवेने गॅलरीतल्या वड्यांवर पाण्याचे थेंब जमले होते.

"लीक होतंय, सर!" सुशांत दोन पावलं मागे सरला.

"लीक नाही हो. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं."

"नोट करा," दौलतराव म्हणाले. "हवेतून ओढून घेतं."

मग त्यांनी एक वडी उचलली, नाकाशी नेली, आणखी एकदा नेली आणि रुमालात गुंडाळली. "नमुना," ते म्हणाले. सुशांतने लगेच मुद्दा काढला, की एकाच माणसाच्या कातडीवरून निष्कर्ष काढणं मॅडमवर अन्याय करणारं होईल. हा मुद्दा सगळ्यांना पटला. प्रत्येक सदस्याने विनिताबाईंना न्याय मिळावा म्हणून एकेक वडी घेतली. बायकांची त्वचा वेगळी असते, म्हणून सौभाग्यवतींसाठी एकेक घेतली. रुचिता मूळ तक्रारदार आणि प्रत्यक्ष पीडित; तिला दोन मिळाल्या.

आठवड्याने निर्णय कळवण्यात आला. चौकशी पूर्ण होईपर्यंत साबण करण्यास सक्त मनाई. चौकशी चालू राहावी यासाठी ताजे नमुने दर महिन्याला सादर करावेत.

"म्हणजे करायचा नाही, पण द्यायचा?" सुदेशनी जिन्यात दौलतरावांना गाठून विचारलं.

"तांबेसाहेब, तुम्ही दोन वेगळे ठराव एकत्र वाचताय," दौलतराव समजुतीने म्हणाले.

बंदी येण्याआधी विनिताबाई हौस म्हणून साबण करायच्या. बंदी आल्यापासून त्यांना श्वास घ्यायला फुरसत मिळेना. सुदेश स्कूटरवरून तेलाचे डबे आणू लागले. मांडणी गॅलरीतून दिवाणखान्यात आली आणि सुदेशची आरामखुर्ची बेडरूममध्ये गेली. तशात सूचना येऊ लागल्या. मागचा नमुना जरा कोरडा होता, चौकशीत अडथळा येतो. लॅव्हेंडरच्या वासाची बाजू अद्याप तपासलेली नाही. एका सदस्याची बहीण शीळफाट्याला राहते, तिकडचं पाणी जड आहे, तेव्हा चौकशीची व्याप्ती तिथवर वाढवावी. दौलतरावांचा चेहरा या चौकशीने असा काही उजळला, की मॉर्निंग वॉकला लोक त्यांना गुपित विचारू लागले. "जबाबदारी," ते सांगत.

विनिताबाईंनी पदरचे पैसे घालून साबण प्रयोगशाळेत तपासून घेतला. तो पूर्णपणे सुरक्षित असल्याचा अहवाल आला. त्यांनी तो सभेत ठेवला. तो वाचताना सदस्यांचे चेहरे पडले.

"रिपोर्ट चांगला आहे," दौलतराव म्हणाले, "आणि हीच शंकेची जागा आहे. मॅडम, लॅबने तपासली ती वडी वेगळी. आम्ही तपासली ती वेगळी. आमच्या वडीचा रिपोर्ट कुठाय?"

"तुमची वडी कुठाय?"

"ती संपली. तपासण्यात."

त्या दिवशी विनिताबाई घरी येऊन मांडणीसमोर नुसत्या बसून राहिल्या. सुदेशनी चहाचा कप पुढे केला, तेव्हा त्यांना बायकोचे हात दिसले. बोटांच्या पेरांना पुन्हा भेगा पडल्या होत्या. सगळ्या वड्या चौकशीला जात होत्या आणि बाई स्वतः भांड्यांच्या साबणाने हात धूत होत्या.

"इतकी वर्षं शिकवलं मी," त्या म्हणाल्या. "ढ मुलंसुद्धा वाक्य पुरं होईपर्यंत थांबायची हो."

सुदेश त्यांच्या शेजारी टेकले. "मी पंखे विकायचो तेव्हा गिऱ्हाईक विचारायचं, आवाज नाही ना करत? मी सांगायचो, अजिबात नाही. पंखा आहे, फिरला की आवाज होणारच. पण तो बिचारा आवाजाचं विचारत नसतो. त्याला घरी जाऊन बायकोला सांगायला एक वाक्य हवं असतं. तूही दे एक वाक्य. केमिकल-फ्री म्हण आणि मोकळी हो."

"ते खोटं आहे."

"मग खोटं पुढे छाप आणि खरं मागे छाप. मी बघतोय ना, मागे कोण बघतं ते."

त्या सूचनेने विनिताबाईंना तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी त्या वेष्टनं छापून घेऊन आल्या. पुढच्या बाजूला हिरवं पान आणि नाजूक अक्षरांत 'केमिकल-फ्री'. मागच्या बाजूला, त्याच्या दुप्पट ठळक टायपात: 'खोबरेल तेल, मीठ, पाणी, कॉस्टिक सोडा. पुढचा मजकूर खोटा आहे.'

महिन्याच्या सभेत त्यांनी वेष्टनातली एक वडी टेबलावर ठेवली. ती हातोहात फिरली. सगळ्यांनी पान पाहिलं आणि वास घेतला.

"म्हणजे... केमिकल नाही?" दौलतरावांनी विचारलं.

"लिहिलंय की."

"अजिबातच नाही?"

विनिताबाईंनी वेष्टनावरच्या हिरव्या पानाकडे बोट केलं. दौलतरावांनी सुशांतकडे पाहिलं. केमिकल नाही म्हणजे धोका नाही, धोका नाही म्हणजे चौकशी नाही, आणि चौकशी नाही म्हणजे नमुना नाही. हा हिशेब एकेका चेहऱ्यावर उमटत गेला.

"मॅडम," दौलतरावांचा आवाज एकदम मऊ झाला, "थोडं तरी असेल. घाबरू नका, आम्ही सांभाळून घेऊ."

"ट्रेसेस तरी असतील ना, मॅडम?" सुशांतने आशेने विचारलं. "नाममात्र?"

"ताई, असं काय करता?" रुचिताच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "तुम्हीच सांगितलेलंत ना मला, कॉस्टिक घातलंय, मग तेलाशी मिळून काहीतरी होतं... काय होतं, सांगा ना ताई!"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना पुढचं वाक्य विचारत होतं. सबंध समीकरण विनिताबाईंच्या जिभेवर आलं. त्यांनी ते कष्टाने गिळलं.

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या.

प्रकरण निकाली निघालं. दौलतरावांनी जड हाताने सही केली. संस्थेत केमिकल आढळून न आल्याबद्दल सर्वानुमते खेद... नव्हे, समाधान व्यक्त करण्यात आलं.

पुढच्याच महिन्यात माजिवड्याच्या एका टॉवरच्या क्लबहाउसमध्ये घरगुती वस्तूंचं प्रदर्शन भरलं आणि तांबे दांपत्याने तिथे टेबल घेतलं. हिरव्या पानाने कमाल केली. लोक यायचे, पुढचं वाचायचे, "बघ, केमिकल-फ्री," असं एकमेकांना दाखवायचे, फोटो काढायचे आणि पिशव्या भरायचे. सुदेश सुटे देता देता घामाघूम झाले. विनिताबाई मात्र दर वेळी गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघत होत्या. फळ्यावर मुद्दाम चूक लिहून बाईंनी वर्गाकडे वळावं आणि कुणाचा तरी हात वर होण्याची वाट बघावी, तशा.

दुपारी एक चष्मेवाल्या बाई आल्या. त्यांनी वडी घेतली. पुढचं वाचलं. आणि उलटी केली.

विनिताबाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्याच. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, वडी डोळ्यांजवळ नेली, तो ठळक मजकूर एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर पाहिला. कपाळाला आठी पडली.

"अहो," त्या म्हणाल्या, "मागे किंमत नाही छापलेली?"

सुदेशनी किंमत सांगितली. बाईंनी चार वड्या घेतल्या, वर आणखी एक, बहिणीसाठी.

संध्याकाळपर्यंत सगळा माल खपला. तेव्हापासून तांबेबाईंचा साबण ठाण्यात, कल्याणात, बराच लांबवर जातो. तुमच्या न्हाणीघरातही असेल. नसला तर हिरव्या पानाचं दुसरं काहीतरी असेलच. शाम्पू असेल, तेल असेल, मध असेल. आता हे वाचून उठू नका. त्याचं वेष्टन शोधूनही सापडायचं नाही. ते तुम्ही पहिल्याच दिवशी फाडून टाकलंत. पुढचं वाचून झालं होतं ना.