विनावापर ऊन

मागच्या वर्षी मार्च महिन्यात आमचं घर अपात्र ठरलं. बाब गंभीर असल्यामुळे ती पहिल्यापासून सांगणं मी माझं कर्तव्य समजतो.

मी धोंडप्पा. एका सरकारी सांख्यिकी कचेरीतून निवृत्त. एकतीस वर्षं मी लातूर जिल्ह्यातल्या विहिरी, कोंबड्या आणि शिलाई यंत्रं मोजली. हातात आकडा आल्याशिवाय मी कुठल्याही गोष्टीवर मत देत नाही, आणि एकदा आकडा हातात आला की दुसऱ्या कुणाचं मत ऐकत नाही. आमच्या गल्लीत चौदा घरं आहेत. त्यांपैकी अकरा घरांवर सौर पॅनल बसले होते, म्हणजे अठ्ठ्याहत्तर पूर्णांक सत्तावन्न टक्के. उरलेल्या तिनांत एक घर भावाभावांच्या दाव्यामुळे कुलूपबंद, एक शेजारच्या उमाबाईंचं आणि तिसरं माझं. मुलगा संगमेश पुण्याहून दर रविवारी फोनवर विचारायचा, "अप्पा, लातूरचं एवढं ऊन आपल्या गच्चीवर नुसतं वाया जातंय. काही वाटत नाही का तुम्हाला?"

वाया जाणं हा प्रकार मला सहन होत नाही. मी एजन्सीला फोन केला.

एजन्सीकडून मन्मथ नावाचा तरुण आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, खिशात मोजपट्टी. परवड-अहवाल भरायचा होता. सौर यंत्रणा आपल्या घराला परवडते की नाही, हे त्यातून शास्त्रीय पद्धतीने ठरतं. आम्ही गच्चीवर गेलो. अहवालातला पहिला रकाना होता: छतावरील विनावापर ऊन, चौरस फुटांत.

त्या वेळी गच्चीवर दोन बाजांवर धोतर अंथरून कुरडया वाळत होत्या. जुन्या साडीवर मिरच्या पसरल्या होत्या. संध्याकाळच्या अंघोळीसाठी पाण्याच्या तीन बादल्या तापत होत्या. तोंडाला फडकं बांधलेली लोणच्याची बरणी होती, कठड्यावर गादी होती, दोरीवर कपडे होते. मन्मथ हे सगळं ओलांडत, एकदा मिरचीवर पाय पडता पडता वाचवत, चारही बाजूंनी मोजून आला आणि त्याने लिहिलं: विनावापर ऊन, तीनशे चौरस फूट.

माझी पत्नी गौरम्मा सोऱ्या घेऊन बसली होती. ती म्हणाली, "आरं पोरा, विनावापर कसं म्हनतूस? पाय ठेवायला जागा न्हाई तुला."

"काकू, असला वापर फॉर्मात न्हाई. फॉर्मात लाईटीचाच हाय."

"मग ह्ये काय फुकट बसलंय व्हय हितं?"

"थांब जरा," मी तिला म्हणालो. "महत्त्वाचं चाललंय."

दुसरा रकाना होता मासिक वीजवापराचा. मी बिलांची फाईल पुढे केली. मन्मथने वरचं बिल पाहिलं, उलटून मागची बाजू पाहिली, मग खालची दोन बिलं पाहिली.

"काका, अडतीस युनिट?"

"अडतीस."

"घरात माणसं ऱ्हातेत न्हवं?"

मी सविस्तर माहिती दिली. दोन दिवे, एक पंखा, सातच्या बातम्यांपुरता टीव्ही. पिण्याचं पाणी माठात, अंघोळीचं उन्हात, कपडे दोरीवर. मन्मथ ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्याने टॅब मिटला.

"काका, तुमाला परवडत न्हाई. वाचवायचं म्हनलं तर आदी काईतरी जळाय पायजे. तुमच्या घरात वाचवायलाच काई न्हाई."

टॅबवर लाल अक्षरं उमटली: अपात्र. कारण: वापर अपुरा.

एकतीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी अपुरा म्हटलं नव्हतं. मी जिन्यात त्याला गाठलं आणि पात्र होण्याचा मार्ग विचारला. तो म्हणाला, "बारा महिन्यांची सरासरी अडीचशे युनिटवर न्या. मग बगू." वीज वाचवण्यासाठी आधी वीज जाळायची, हे ऐकून एखाद्या अडाण्याला हसू आलं असतं. मी सरकारी नोकरीत होतो, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

त्याच संध्याकाळी मी 'गृह वीजवापर वृद्धी कार्यक्रम' तयार केला. महिनावार उद्दिष्टांचा तक्ता स्वयंपाकघरात चिकटवला. अभ्यासाअंती असं आढळलं की आमच्या घरातली बरीच कामं ऊन परस्पर उरकत होतं आणि त्याची नोंद कुठल्याही मीटरवर होत नव्हती. ही गळती थांबवणं आवश्यक होतं. बादल्या बंद करून गीझर बसवला. दोरी सोडली आणि कपडे वाळवणारं मशीन आणलं. माठ उमाबाईंना देऊन मोठा फ्रिज घेतला. मिरच्या, पापड, कुरडया यांच्यासाठी संगमेशने ऑनलाईन वाळवणी यंत्र पाठवलं. दहा ट्रे, वर काच, आत गरम हवेचा पंखा. त्याच्या माहितीपत्रकावर लिहिलं होतं: आता उन्हाची वाट पाहू नका. लातुरात उन्हाची वाट कुणी पाहत नाही, तरी मला ते वाक्य आवडलं.

जुलैत एकशे बारा युनिट झाली. उद्दिष्ट एकशे साठचं होतं. तपास केला तेव्हा तूट घरातूनच होत असल्याचं निष्पन्न झालं. गौरम्मा खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करत होती. एके दिवशी तर मी भर दुपारी मुद्दाम लावलेला व्हरांड्यातला दिवा मालवताना तिला रंगेहाथ पकडलं. मी तिला लेखी खुलासा मागितला.

"काय लिहू खुलाशात?" ती म्हणाली. "डोळे फुटले न्हाईत माजे, दिसून ऱ्हायलंय मला, आसं लिहू?"

खुलासा असमाधानकारक होता. पण वय पाहून मी कारवाई केली नाही.

दिवाळीपर्यंत आम्ही दोनशे दहावर गेलो. हिवाळ्यात मात्र कार्यक्रमाला खीळ बसली. थंडीत पंखा लावता येईना. बारा महिन्यांची सरासरी अडीचशेला पोचेना, तेव्हा मी मनावर दगड ठेवून एसी घेतला आणि रात्रंदिवस चालू ठेवला. जानेवारीत लातूरला सकाळी अंगावर काटा येतो. त्या दिवसांत आम्ही दोघं स्वेटर घालून, कानटोपी बांधून, अंगावर गोधडी घेऊन एसी लावून बसायचो. उमाबाई एकदा दारात आल्या, आतला गारवा लागून तिथंच थबकल्या आणि म्हणाल्या, "गौरे, कुनाची तब्येत बिगडली का काय? बर्फात ठेवल्यावानी करून ऱ्हायलाव."

"यांची बिगडली," गौरम्मा म्हणाली.

मार्चअखेर सरासरी दोनशे एक्कावन्न भरली. मन्मथ पेढे घेऊन आला. टॅबवर हिरवी अक्षरं उमटली, पात्र, आणि खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात गच्चीवर सहा पॅनल बसले. उरलेल्या जागेत टाकी, जिना आणि पॅनल धुण्यासाठी ये-जा करण्याची वाट. मन्मथने सूचनांचा कागद भिंतीला डकवला: पॅनललगत दोरी, बाज, गादी, मिरची, धान्य ठेवू नये. सावली व धूळ यामुळे ऊन वाया जाते.

"मग वाळवन कुटं घालायचं?" गौरम्माने विचारलं.

मन्मथने सूचनांचा कागद वरून खालपर्यंत पाहिला. त्यात त्याचं उत्तर नव्हतं. "मशीन हाय की, काकू," तो म्हणाला.

"पर..."

"थांब जरा," मी म्हणालो. माझी सही चालली होती.

एप्रिलचं बिल शून्य आलं. स्थिर आकार वगैरे किरकोळ बाबी सोडल्या तर शून्य. ते मी फ्रेम करून बैठकीत लावलं. एजन्सीने सोबत एक प्रमाणपत्र दिलं. आमच्या घराने वर्षाला किती झाडं लावल्याइतकं पुण्य केलं, याचा आकडा त्यावर सोनेरी अक्षरांत होता. अडतीस युनिटच्या काळात आम्हाला कुणी तुळशीचं रोपसुद्धा दिलं नव्हतं.

मे महिन्यात गौरम्माच्या भावाच्या मुलीचं, शिल्पाचं लग्न नांदेडला ठरलं. लग्नात मुलीकडच्यांनी रुखवत मांडायचं असतं, आणि गौरम्माच्या माहेरी गेल्या तीस वर्षांत तिच्या हातच्या कुरडईशिवाय एकही रुखवत मांडलं गेलेलं नाही. तिची कुरडई ताटलीएवढी, पांढरीशुभ्र, उजेडात धरली तर पलीकडचा माणूस दिसेल अशी. बाया नवरीआधी ती कुरडई पाहायला यायच्या. तिच्या आयुष्यात लोकांनी कौतुक केलं ते याच एका गोष्टीचं, हे मला माहीत होतं. आकड्यांच्या नादात ते विसरायला झालं होतं, एवढंच.

भावाचा, रामलिंगचा फोन आला, "आक्का, शिल्पीच्या रुखवताला एकशे एक कुरडया पायजेत. तुज्याच हातच्या."

तिने तीन दिवस गहू भिजवले, वाटले, चीक काढला. चौथ्या दिवशी पहाटे उठून चीक शिजवला आणि सोऱ्याने ट्रेवर कुरडया पाडल्या. साडेअकराला पहिले दहा ट्रे यंत्रात गेले, बाकीच्या ओल्या कुरडया परातींत थांबल्या. पावणेबाराला लाईट गेली.

मी हसलो. हा प्रसंग माझा होता. "घाबरू नको, आपल्याकडं सोलर हाय," मी म्हणालो आणि बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग मन्मथला फोन लावला.

"काका, लाईट गेली की आपली शिष्टीमबी बंद ऱ्हाती. तारेवर काम करनाऱ्या मानसाला शॉक बसू न्हाई म्हनून. नियमच हाय तसा."

"अरे पण ऊन हाय की! बेचाळीस डिग्री हाय बाहेर!"

"नुसतं ऊन आसून काय करता, काका? लाईट पायजे न्हवं."

यातही तर्क होता. मी फोन ठेवला.

गौरम्मा ट्रे उचलू लागली. "उमाबाईच्या स्लॅबवर घालते. तिथं ऊन हाय."

"थांब जरा," मी म्हणालो. "येईल लाईट. दहा ट्रेचं यंत्र असताना लोकांच्या गच्चीवर जायचं? गल्ली काय म्हणेल?"

ती थांबली. लग्न झाल्यापासून ती माझ्या 'थांब'ला थांबत आलेली आहे. एक वाजला, दोन वाजले. कुठेतरी मोठी दुरुस्ती चालू होती. चारला यंत्राचं दार उघडलं तर आतून आंबूस वास आला. कुरडया ट्रेच्या जाळीत बसल्या होत्या, पिवळट, चिकट. परातींतल्यांचा गोळा झाला होता.

ती एक ट्रे घेऊन गच्चीवर गेली. मी मागून गेलो. ऊन अजून कडक होतं. सगळं ऊन त्या सहा काळ्या पाटांवर पडत होतं आणि त्यातून एका दिव्यापुरतीही वीज निघत नव्हती. पाटांखाली गार सावली होती.

"हितं ऊन होतं," गौरम्मा म्हणाली. "तीस वरीस माजं ऊन होतं हितं. तुमाला कदी दिसलंच न्हाई."

ती ओरडली असती तर मी खुलासा मागितला असता. ती ट्रे छातीशी धरून रडत होती. मला लाज वाटली. किती वाटली, ते आकड्यात सांगता येत नाही.

उमाबाईंनी आपली गच्ची झाडून दिली. "आण गं, माजं घर तर अपात्रच हाय," त्या म्हणाल्या. एकशे एकातल्या एकोणीस कुरडया वाचल्या. त्यांवरही जाळीचे ठसे होते. नांदेडच्या रुखवतात दुकानातून आणलेल्या कुरडया मांडल्या, प्लास्टिकच्या पिशवीसकट. आमच्या एकोणीस गौरम्माच्या पिशवीत तळाशी होत्या. तिने त्या बाहेर काढल्या नाहीत, आणि त्या दिवशी कुरडई पाहायला कुणी आलंही नाही.

आता मन्मथ माझा नंबर नव्या लोकांना देतो. समाधानी ग्राहकांच्या यादीत माझं नाव पहिलं आहे. दिवसाआड फोन येतात, सगळ्यांचा प्रश्न एकच. परवा असाच एक आला.

"काका, खरं सांगा, परवडतं का?"

मी उत्तर देणार, तोच पलीकडून बाईचा आवाज आला. "अहो, त्यांना विचारा की, मग मिरच्या कुटं वाळवायच्या?"

"थांब जरा," तो तिला म्हणाला. "महत्त्वाचं बोलून ऱ्हायलोय."

समोर गौरम्मा मिरच्यांची देठं खुडत बसली होती. फोन स्पीकरवर होता. तिचे हात थांबले आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या डोक्यावरची फ्रेम पाहिली. शून्य हा आकडा नाकारता येत नाही.

"परवडतं," मी म्हणालो. "बिल शून्य येतं."

त्याने समाधानाने फोन ठेवला. गौरम्माने मिरच्यांची टोपली कमरेवर घेतली आणि उमाबाईंच्या जिन्याकडे गेली. फोनवरच्या त्या माणसाचा आवाज कुठेतरी ऐकलाय असं मला तेव्हापासून वाटत होतं. आत्ता लक्षात आलं. फोन तुमचाच होता.