ऐकणारं तोंड

सोनकांबळे पेंटर एकदा एका भुवईसाठी एसटीनं शिरूर अनंतपाळला जाऊन आले. भुवई त्यांनीच काढलेली होती. तिथल्या शाळेत आम्ही लावलेल्या तक्त्यावर एक मुलगा रस्ता ओलांडताना दाखवला होता. त्याची डावी भुवई ‘मुकी’ राहिली, हे पेंटरना आठ दिवसांनी लातूरला दाढी करताना जाणवलं. अर्धी दाढी तशीच ठेवून त्यांनी पिशवीत एक ब्रश आणि काळ्या रंगाची बाटली टाकली, दोन गाड्या बदलून शाळा गाठली, भुवई सुताएवढी वर उचलली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. रजेच्या अर्जात कारण म्हणून एकच शब्द होता, ‘भुवई’. हेडक्लार्कनं तो अर्ज मला आणून दाखवला आणि विचारलं, ही रजा किरकोळमध्ये धरायची की वैद्यकीयमध्ये.

अर्ज मला दाखवला, कारण पेंटरचं काही झालं की माझ्याकडे यायची पद्धत पडली होती. मी मूळची प्राथमिक शाळेतली बाई. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, आणि शिक्षण खात्याच्या भाड्याच्या इमारतीत मागच्या खोलीत एक साधन कक्ष उघडला होता. लहान मुलांना धोक्यापासून सांभाळून राहायला आणि मनातलं बोलायला शिकवायचं, त्यासाठी चित्रं, तक्ते, पडद्यावर दाखवायच्या पट्ट्या तयार करायच्या, असं त्या कक्षाचं काम होतं. मजकूर मी लिहायची, चित्रं सोनकांबळे काढायचे. तिसरं कुणी नव्हतं. एक जीप होती, ती साहेबांना नको असेल तेव्हा आमची.

पेंटर आमच्याकडे आले ते पाट्यांमुळे. नवा जिल्हा झाला की सगळ्यात आधी पाट्या बदलतात. कचेऱ्यांवर, जीपांवर, कपाटांवर, अगदी खुर्च्यांच्या पाठीवरसुद्धा ‘जिल्हा उस्मानाबाद’ होतं, ते पुसून ‘जिल्हा लातूर’ लिहायचं होतं. लातुरातले पेंटर पुरेनात, म्हणून नांदेडहून सोनकांबळेंना आणलं. ते तिकडे टॉकीजचे बोर्ड रंगवायचे. त्यांनी आमच्या कचेरीची पाटी केली, तर ‘लातूर’च्या खाली आगीचे लोळ. साहेबांनी विचारलं, हे काय? पेंटर म्हणाले, “टायटल हाय साहेब. नुसतं कसं सोडावं?” लोळ पुसले गेले, पण साहेबांच्या मनात माणूस राहिला. साधन कक्षाला चित्रकार हवा होताच.

उंच, वाळके, पन्नाशीकडे झुकलेले, कानावर कायम एक पेन्सिल. बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. चित्रसुद्धा उभ्यानं काढायचे, आणि दर दहा मिनिटांनी दारापर्यंत जाऊन परत यायचे. चहा चालता चालता प्यायचे. एकदा मी म्हटलं, जरा टेका की. तर म्हणाले, टेकलं की डोकं चालू होतं बाई, त्यापेक्षा पाय चालू असलेले बरे.

चित्राबद्दल त्यांचं मत दोनच शब्दांत असायचं, ‘बोलून राहिलं’ किंवा ‘मुकं हाय’. दहातली नऊ मुकी निघत. छापखान्यातून गठ्ठे आले तरी त्यांचं समाधान होत नसे. शाळाशाळांतून हिंडून ते छापील चित्रांच्या नाकाडोळ्यांना ब्रश लावत. एका हेडमास्तरांनी तर लेखी तक्रार केली की, आपला चित्रकार येऊन आमच्या तक्त्यातली मुलं बदलून जातो.

आमचं पहिलं मोठं काम होतं ‘चेहरे’. राग, भीती, हेवा, लाज, कंटाळा असे पत्ते करायचे, मुलांना दाखवायचे आणि विचारायचं, याला काय वाटत असेल? पेंटरनी चेहऱ्यांसाठी लांब जायचं कारण नव्हतं. हेडक्लार्क ‘हेवा’ झाले, शिपाई ‘भीती’, आणि मी ‘कंटाळा’. मला ते आठवडाभर कळलं नाही. कळलं तेव्हा मी रुसले, तर ते पेन्सिल घेऊन धावत आले, कारण ‘रुसवा’ अजून व्हायचा होता.

‘राग’ म्हणजे अर्थातच साहेब. साहेबांनी पत्ता हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, हा कोण? पेंटर म्हणाले, राग. साहेबांनी आवाज चढवून पुन्हा विचारलं, पण कोण? पेंटर दोन पावलं पुढं झाले आणि अदबीनं म्हणाले, “साहेब, जरा असंच थांबता का? नाकपुडी नीट आली न्हाई.” त्या दिवशी पेंटरची नोकरी गेलीच असं सगळ्यांनी धरलं होतं. पण साहेबांनी एक पत्ता खिशात घालून घरी नेला, आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं की बाईसाहेबांच्या मते अगदी हुबेहूब आहे, बदलू नका.

मग पाऊस रुसला. एक वर्ष, मग दुसरंही. आम्ही जीप घेऊन गावोगाव जायचो, तर शाळेतली निम्मी मुलं टँकरच्या रांगेत असायची. ‘दुःखा’चा पत्ता दाखवला की मुलं म्हणायची, त्याला तहान लागली. ‘भीती’ला म्हणायची, टँकर आला न्हाई म्हणून. ‘लाजे’लासुद्धा एक मुलगा म्हणाला, त्याच्याकडून घागर फुटली. परतताना पेंटर जीपमध्ये पाय हलवत राहिले. चाकूर आल्यावर एवढंच म्हणाले की, पोरं बरोबर हायत, आपलेच पत्ते जुने झाले.

त्या वर्षी वरून हुकूम आला की अनोळखी माणसापासून सावध राहण्याची चित्रपट्टी करा. पेंटर खूश झाले. बोर्डावरच्या खलनायकांचा त्यांना दांडगा सराव. त्यांनी असा माणूस काढला की मलाच धडकी भरली. लाल डोळे, गालावर वण, झुपकेदार मिशा, गळ्याला रुमाल. पहिल्याच गावात घोटाळा झाला. टँकरच्या ड्रायव्हरला नेमक्या तशाच मिशा आणि तसाच रुमाल. मुलं किंचाळत पळाली, बायका काठ्या घेऊन आल्या, आणि तो बिचारा भरला टँकर घेऊन परत निघाला. पेंटरनी त्याची गाडी अडवून माफी मागितली आणि टँकरच्या दारावर त्याचं हसरं चित्र काढून दिलं, तेव्हा कुठं पाणी उतरलं.

पुढचं गाव चाकूरच्या पलीकडे. त्याचं नाव सांगत नाही. पट्टी दाखवून झाली, मुलं पांगली, मी वायर गुंडाळत होते. चौथीतली एक मुलगी मागं राहिली होती. ती पेंटरसमोर जाऊन म्हणाली, “तुमचं चित्र चुकलं.”

चूक कुणी दाखवली की पेंटरचा चेहरा उजळायचा. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. “काय चुकलं माय?”

“तो असा नसतो. त्याला मिशा न्हाईत. तो हसतो. मला सगळ्यांच्या आधी पाणी देतो, मग म्हणतो घागर ठेव अन् आत ये.”

पेंटरनी कानावरची पेन्सिल काढली आणि परत ठेवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वायर टाकून त्या मुलीजवळ जाऊन बसले, आणि ते उठून बाहेर गेले. तिनं मला काय सांगितलं ते इथं लिहिणार नाही. तिनं सांगायला उशीर केला नव्हता, एवढं पुरे.

गावात एकच विहीर जिवंत होती आणि ती त्या माणसाची होती. हेडमास्तर सज्जन, पण त्यांना घाम फुटला. ते म्हणाले, सगळं गाव त्याच्या मोटरीवर आहे, तो बिथरला तर उद्या प्यायचं काय? पेंटर आवाज न चढवता म्हणाले, “गुरुजी, पानी दुसरं आणता येईल.” हेडमास्तरांनी टोपी डोक्यावर घातली, आणि त्यांनीच आम्हाला मुलीच्या घरी नेलं.

तिची आई रोजगार हमीच्या खडीवर गेली होती. ती येईपर्यंत पेंटर त्या बोळात इतक्या फेऱ्या मारत होते की कुत्रीसुद्धा भुंकून थकली. आई आली. मी तिला आत बसवून सांगितलं. तिनं पदरानं हातावरची खडीची धूळ पुसली. मग मुलीला म्हणाली, “म्हणून दोनदा रिकामी घागर घेऊन आलीस व्हय? अन् मी तुला मारलं.” तिनं मुलीला ओढून मांडीवर घेतलं. चौथीतली मुलगी, मांडीत मावत नव्हती.

तिनं त्याच संध्याकाळी शेजारणींना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बायका घोळक्यानं पाण्याला जाऊ लागल्या, आणि एक म्हातारी विहिरीच्या काठावर दिवसभर ठाण मांडून बसू लागली. लातूरला आम्ही साहेबांना सांगितलं. त्यांनी त्या दिवशी आवाज चढवला नाही, दार लावून घेऊन दोन फोन केले. चौथ्या दिवशी गावात सरकारी टँकर लागला. पोलीसही जाऊन आले. तो माणूस सासुरवाडीला कर्नाटकात निघून गेला. पुढं पावसाळ्यात परत आला म्हणतात, पण त्याच्या दारात लेकरू फिरकलं नाही.

पेंटरनी मिशावाल्याची सगळी चित्रं फाडली. म्हणाले, त्याचं तोंड काढायचंच न्हाई, पोरीचं काढायचं, सांगतानाचं, आणि शेजारी तिचं ऐकणारं कुणीतरी. मुलगी एका दमात झाली. बोलून राहिली होती. पण ऐकणारं तोंड काही होईना. कागदामागून कागद गेले. हे सल्ला देऊन राहिलं बाई. हे रडून राहिलं. हे घाबरलं. ऐकून कुणीच न्हाई राहिलं. त्यांच्या फेऱ्या दारापासून फाटकापर्यंत वाढल्या.

एका दुपारी त्यांनी माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि चक्क बसले. म्हणाले, मी काहीतरी बोलतो, तुम्ही ऐका, तेवढ्यात काढून घेतो. मला वाटलं, टॉकीजमधली एखादी गंमत असेल. त्यांनी कागदावर पेन्सिल टेकवली आणि माझ्याकडे बघत, अधूनमधून खाली बघत, सांगायला लागले.

बाप वारला तेव्हा ते दहा वर्षांचे होते. आईनं त्यांना नांदेडला एका बोर्डवाल्याच्या कारखान्यात ब्रश धुवायला ठेवलं. उस्ताद प्रेमळ म्हणून नावाजलेले. खाऊ द्यायचे. अक्षर त्यांनीच शिकवलं, हात लई चांगला होता त्यांचा. दुपारी बाकीचे जेवायला गेले की या पोराला थांबवून घ्यायचे. उभे करून ठेवलेल्या मोठ्या बोर्डांच्या मागं.

“दोन वर्षं,” पेंटर म्हणाले. “आई विचारायची, जेवत का न्हाईस? मी म्हणायचो, रंगाचा वास चढतो.”

माझ्या तोंडून काहीतरी निघणार होतं. काय, ते मला माहीत नाही.

“हलू नका बाई. होतच आलं.”

मी हलले नाही. पेन्सिलचा आवाज तेवढा येत होता. बऱ्याच वेळानं त्यांनी कागद लांब धरून पाहिला आणि उलटा करून टेबलावर ठेवला. त्यांनी तो मला दाखवला नाही, मीही मागितला नाही.

त्यांची बायको आणि दोन मुलं नांदेडलाच राहत. पेंटर महिन्यातून एकदा जात आणि त्याच दिवशी परत येत. आम्ही कचेरीत त्यावरून हसायचो, या माणसाला घरीसुद्धा बसवत नाही म्हणून. त्या दुपारी ते उलट्या कागदाकडे बघत म्हणाले, वीस वर्षं झाली लग्नाला, तिला सांगितलं न्हाई. मग विचारलं, “सांगू का?”

मी म्हटलं, सांगा.

शनिवारी ते नांदेडच्या गाडीत बसले. रविवारी परतले नाहीत. सोमवारी दुपारी आले, अर्ज न देता, आणि ब्रश धुवायला लागले. हेडक्लार्क येऊन गेले, शिपाई पाणी ठेवून गेला. मग ते पाठमोरेच म्हणाले, “तिनं चहा ठेवला होता. मी बोलायला लागलो, तर स्टोव्ह बंद केला अन् समोर येऊन बसली.”

“मग?”

“मग काय. चहा लई उशिरा झाला.”