रानकोंबडी बघायला

स्वयंपाकघरात चांदीच्या कागदाची चुरचुर झाली आणि जनेलचा हात कॉफीच्या कपावरच थांबला. शनिवारची सकाळ, बाहेर मरणाची थंडी, आठ वर्षांची लेक ब्रिटा अजून पांघरुणात. घर इतकं शांत होतं की तेवढाही आवाज मोठा वाटला. सासूबाई हॉटडिशचे दोन ट्रे झाकत होत्या. चर्चचं जेवण संध्याकाळी, आणि खिमा-बटाट्याचे ट्रे सकाळीच बांधून तयार. याचा अर्थ जनेलला आता कळायला लागला होता.

"कुठं निघालोय, आई?"

"रानकोंबडी बघायला," लव्हॉनबाई म्हणाल्या. "येताना परस्पर चर्चवर जाऊ."

ही रानकोंबडी सिमेंटची होती, तीन मजली उंच, तासाभराच्या रस्त्यावर माळात एकटीच उभी. तिच्या थोडं अलीकडे कॅसिनो होता. या हिवाळ्यात लव्हॉनबाई तिसऱ्यांदा कोंबडी बघायला निघाल्या होत्या आणि कोंबडी अजून एकदाही बघून झाली नव्हती.

अडचण एवढीच होती की मागच्याच रविवारी चर्चच्या सभेत म्हाताऱ्यांची कॅसिनोची सहल त्यांनीच मोडीत काढली होती. "जुगाराच्या दारात आपली बस उभी राहिलेली मला बघवणार नाही," असं म्हणून त्या खाली बसल्या होत्या आणि पास्टर लिंडाल यांनी गंभीरपणे मान हलवली होती. चर्चच्या महिला मंडळाचं अध्यक्षपद लव्हॉनबाईंकडे होतं. नवरा गेल्यापासून सकाळी उठून केस विंचरायला त्यांना तेवढंच कारण उरलं होतं. ते गेलं तर काय, हा विचार जनेलच्या मनात यायचा. पण कॅसिनोच्या हॉटेलात गरम पाण्याचा तलावही होता, आणि ब्रिटाला जानेवारीत पोहायला मिळणं काही साधी गोष्ट नव्हती.

कॅसिनोच्या आवारात शंभरेक गाड्या रिकाम्याच घुरघुरत उभ्या होत्या. इतक्या थंडीत बंद केलेली गाडी वसंतातच सुरू होते, त्यामुळे किल्ली आत, इंजिन चालू आणि दार उघडं ठेवून लोक खुशाल आत जातात. चोरी होत नाही. चोराच्या आईला सगळे ओळखत असतात.

दुपारी तिघी बाहेर आल्या तेव्हा ब्रिटाची ओली वेणी चार पावलांत काठीसारखी कडक झाली. लव्हॉनबाई पांढऱ्या गाडीत शिरून स्टिअरिंगमागे बसल्यासुद्धा.

"आजी, ही आपली गाडी नाही," मागून ब्रिटा म्हणाली.

"हो का? मग काय गव्हर्नरची आहे?"

"हिच्यात पेपरमिंटचा वास येतोय."

"थंडीत नाक बधिर होतं. गप बस."

"आई, सीट केवढं मागं गेलंय बघा," जनेल म्हणाली.

"थंडीनं सगळंच मागंपुढं होतं," लव्हॉनबाई म्हणाल्या आणि पायाच्या अंगठ्यानं गाडी हाकू लागल्या.

आज पुराव्यासाठी कोंबडीसोबत फोटो काढायचाच होता. कोंबडीपाशी पोचल्यावर त्यांनी चांगला स्कार्फ काढायला डिकी उघडली. स्कार्फ नव्हता. ट्रेही नव्हते. एक फावडं होतं आणि नीट घडी घातलेला काळा शर्ट, त्यावर पाद्र्याची पांढरी कॉलर.

गावात गाड्या विकणारा एकच होता आणि त्याला पांढरा रंग आवडायचा.

"पास्टर तर आज बिस्मार्कच्या इस्पितळात आजाऱ्यांना भेटायला गेलेत ना?" जनेल म्हणाली.

"बिस्मार्क तर उलट्या अंगाला आहे," लव्हॉनबाई हळूच म्हणाल्या.

त्या परत कॅसिनोवर आल्या. त्यांची स्वतःची गाडी तिथून निघून गेली होती.

"फोन करू का त्यांना?"

"आणि काय विचारशील? पास्टर, जॅकपॉट लागला का?" लव्हॉनबाई सीटवर मागे टेकल्या. "ट्रेच्या बुडाला माझ्या नावाची चिकटपट्टी आहे, जनेल. चर्चमधून भांडी परत यावीत म्हणून मीच सगळ्यांना ती लावायला लावली." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मंडळ आता डोरिनकडं जाईल. तिची कॉफी पाण्यासारखी असते."

जनेलनं त्यांचा हातमोजा आपल्या हातात धरून ठेवला. परतीची गाडी तिनेच चालवली.

चर्चच्या तळघरात हॉटडिश ओव्हनमध्ये गरम होत होत्या. पास्टर लिंडाल स्वेटरची चेन हनुवटीपर्यंत ओढून लोणच्याची बरणी उघडत होते. लव्हॉनबाईंनी काहीतरी टॉवेलात गुंडाळून त्यांच्या हाती दिलं.

"हे माझ्या टॉवेलांत आलं होतं."

"आभारी आहे," पास्टर म्हणाले. "कशी होती कोंबडी?"

"मोठी आहे. आजारी माणसं?"

"शांत होती."

"पण काय गं लव्हॉन," डोरिन ट्रे उचलून बुडाकडं बघत म्हणाली, "तुझे ट्रे पास्टरनी कसे आणले?"

"वाटेत भेटलो आम्ही."

"वाटेत कुठं?"

"वाटेत," पास्टर म्हणाले.

डोरिननं तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा विचारणं त्या भागात शिवी दिल्यासारखं मानतात.

जेवणं सुरू झाल्यावर लव्हॉनबाई उभ्या राहिल्या. म्हाताऱ्यांच्या सहलीचा मी पुन्हा विचार केला, असं त्यांनी सांगितलं. रानकोंबडी प्रत्येकानं एकदा तरी बघावी अशी आहे. बस वाटेत कुठं तासभर थांबली, तर त्यात ड्रायव्हरची सोय आहे. पास्टर लिंडाल यांनी ताबडतोब अनुमोदन दिलं. सगळ्यांचे हात वर गेले; डोरिनचाही गेला, सर्वांत शेवटी. अध्यक्षबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

जनेल लेकीची वेणी सोडून केस बोटांनी मोकळे करत होती. बर्फ वितळून मुळांशी अजून ओल होती.

"आई," ब्रिटा म्हणाली. आवाज लहान होता, पण तळघर घुमायचं. "आजी कोंबडी बघायला गेली होती आणि पास्टर इस्पितळात. मग कॅसिनोत कोण होतं?"