बायडाबाईच्या शेळीचे नाट्यरूपांतर

प्रदोषाच्या संध्याकाळी बायडाबाईची शेळी घरी आली नाही. बायडाबाईने देवाला नारळ कबूल केला आणि शेजारच्या पप्पूला हाक मारली. नुसता नारळ पुरला असता, पण ते नंतर कळले.

पप्पू मोबाइलवर 'डोंगरपट्टी दणका' नावाच्या बातम्या चालवीत असे. शेळी हरवली, एवढ्यावर त्याचे भागेना. "मावशे, ह्याचं नाट्यरूपांतर करावं लागंल," तो म्हणाला. म्हणजे काय, असे तिने विचारले.

"जे घडलं त्येच दाखवायचं. फकस्त घडल्यावानी दाखवायचं."

काय घडले हे कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे काम सोपे झाले. चोर आला, असे पप्पूने ठरवले. काळी, एका कानाने पांढरी अशी शेळी गावात दुसरी एकच होती, सटवाची. ती गाभण होती आणि सटवाशिवाय कोणाला अंगाला हात लावू देत नसे. म्हणजे चोर कोण होणार, हा प्रश्नच उरला नाही. सटवाने शेजारधर्म म्हणून तोंडाला उपरणे बांधले. चेहरा दिसत नाही म्हणून पप्पूने ते सोडायला लावले.

चित्रफितीत ढग गडगडले, बाई किंचाळली, सटवाचे एकच पाऊल तीनदा पडले आणि शेवटी त्याच्या तोंडाभोवती लाल गोल आला. 'नाट्यरूपांतर' हा शब्द खाली कोपऱ्यात, मुंगीएवढा.

दुसऱ्या दिवशी शेळी आपल्या पायांनी परत आली. परक्या कळपात मुक्कामाला गेली होती. पप्पूने येऊन पाहिले आणि यात दाखवण्यासारखे काही नाही म्हणून निघून गेला.

तोवर पाटोद्याच्या बाजारात सटवा दिसला की बाया शेळ्यांची दावी आखडून धरू लागल्या होत्या. जमादाराने त्याला बोलावून, बाकीच्या शेळ्या कुठं ठेवल्यास, असे मायेने विचारले. खुद्द बायडाबाईने ती चित्रफीत चार वेळा पाहिली. "कावून केलं असंल रं सटवानं असं?" ती हळहळली. तेव्हा शेळी तिचाच पदर चघळत होती.

हेही सटवाने गिळले असते. पण त्याच्या अंजूची सोयरीक तलवाड्याच्या भगवानरावांच्या घरी ठरत आली होती. भगवानरावांचा निरोप आला, "व्हिडिओ बघितला. रविवारी येतो, समक्ष बोलू." पुढे काही नाही. सटवाची भाकरी सुटली.

पप्पूला वाईट वाटले. त्याने दुसरी चित्रफीत काढली. तीत सटवाने सटवाचेच काम केले. हात जोडून म्हणाला, "म्या चोर न्हाई." खाली लोकांनी लिहिले की पहिल्यात खरा वाटत होता, ह्यात लई नाटकी वाटतोय.

रविवारी बायडाबाई आणि पप्पू सटवाच्या अंगणात येऊन थांबले होते, तेवढ्यात भगवानराव आले. पाण्याच्या तांब्याला हात न लावता म्हणाले, "आधी शेळी दावा."

सटवाने गोठा दाखवला. भगवानरावांची हयात शेरडामेंढरांत गेली होती. शेळीच्या पोटाकडे बघून त्यांनी विचारले, "कधी व्यायची?"

"पंधरा-ईस दिसांत."

"वाटलंच. पाव्हणं, माझ्या मोबाइलचा आवाज गेलाय कवाचा. मी मुक्यानंच बघितलं. चोर शेळी वडितो, न्हाई तर तंगड्या धरून उचलितो. तुमी दोनी हात पोटाखालून घातले आन् लेकुरवाळीवानी उरापाशी धरली. त्यात ती बी वरडली न्हाई. म्हटलं, ज्याचा मुक्या जनावराला असा हात, त्याची लेक आपल्या घरात पायजे."

सटवाने शेळीच्या पाठीवर हात ठेवला तो काढलाच नाही. बायडाबाईने डोळ्यांना पदर लावला. तो ओला होता, पण शेळीमुळे.

पप्पू मात्र धावत पुढे आला. "मामा, येवढं पुन्यांदा बोला. कॅमेरा चालू नव्हता. आन् शेवटाला जरा हुंदका द्या."

भगवानरावांनी टोपी सरळ केली, घसा खाकरला आणि छातीवर हात ठेवून आवाज भरून आणला. त्या आवाजाला शेळी बुजली, दावे ओढून सटवाच्या मागे लपली. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या अंजूने तो खाली ठेवला, पप्पूच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि पालथा घातला.

"मामा," ती हळूच म्हणाली, "चहा घ्या. निवतोय."