पाहुण्याची चाल

"अहो, मला एकटीला टाकून कुठे गेलात हो!"

तबेल्यातून हंबरडा आला, तेव्हा गाडीवान तबेल्याच्याच उंबऱ्यावर बसून चहा फुंकत होता.

"माझ्याच नावानं कशाला रडतेस? जिवंत आहे मी अजून."

"मग कुणाच्या नावानं रडू? ओळखीचं माणूस असलं की सूर लागतो," बायको कोरड्या डोळ्यांनी म्हणाली आणि तिनं घोड्यापुढे गाजर धरलं. पहिल्या दिवशी हे रडणं ऐकून शेजारीण धावत आली होती. गाडीवान चहा पिताना दिसल्यावर ती जराशी नाराज होऊनच परत गेली.

घोडा मयताच्या गाडीसाठी आणलेला. आधीच्या धन्यानं त्याला इतकं बडवलं होतं की कुणी मोठ्यानं रडलं की तो उधळायचा, आणि मयताच्या गाडीला असा घोडा म्हणजे मेलेल्याचा दुसरा मृत्यू. गाडीच्या मालकानं त्याचं नाव 'पाहुणा' ठेवलं. "पहिल्या मयताला बिथरला तर दुसऱ्या दिवशी कसाई," असं सांगून तो मोकळा झाला.

गाडीवानानं चाबूक काढला, तो बायकोनं माळ्यावर टाकला. मग ती रोज पाहुण्याला खरारा करी, खूर धुई, मानेवरचे जुने वळ तेलानं चोळी आणि चोळता चोळता बारीक आवाजात रडे. पाहुणा थरथरला की गप्प बसे. हळूहळू आवाज चढला. पुढे ती अंगणात रडत चालू लागली आणि तिच्यामागून गाडी ओढत तो. रडं सुरू झालं की चालायचं, थांबलं की उभं राहायचं आणि गाजर खायचं, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. मयत म्हटलं की रडणारे असणारच, हे नवराबायकोनं धरूनच ठेवलं होतं.

पहिलं मयत निघालं ते एका मोठ्या घरातलं. गृहस्थ असे की त्यांच्या पावलांच्या आवाजानं घरातलं बोलणं बंद व्हायचं. गाडीत तिरडी चढली. मुलगे घड्याळं बघत होते, सुना पदर सावरत होत्या. एकाच्याही डोळ्यात टिपूस नव्हतं.

गाडीवानानं जीभ टाळ्याला लावून चक् चक् केलं. पाहुणा ढिम्म. लगाम हलवला. ढिम्म.

"काय रे, झोपला काय तुझा घोडा?" मालक दात आवळून म्हणाला. "कसायाला निरोप धाडू?"

गाजरं घेऊन गर्दीत उभ्या असलेल्या बायकोनं हे ऐकलं. पुढचा विचार न करता तिनं गळा काढला, आणि तोंडातून सवयीचंच निघालं, "अहो, मला एकटीला टाकून कुठे गेलात हो!"

पाहुणा डौलात चालू लागला. बाकी सगळे मात्र जागच्या जागी थिजले.

"ही कोण बाई?" थोरल्या सुनेनं धाकटीला विचारलं.

"मामंजींना विचारायला हवं होतं," धाकटी म्हणाली.

गाडीवान मान खाली घालून बसला. बायकोनं श्वास घ्यायला थांबावं, की गाडी थांबे. शेवटी ती बिचारी रस्ताभर परक्या माणसासाठी ऊर बडवत राहिली, आणि मागून त्या माणसाची विधवा तिच्या पाठीकडे टक लावून चालत राहिली.

स्मशानाच्या फाटकाशी गाडी थांबली. विधवा जवळ आली.

"भांडायला नाही आले. एवढंच सांग, रडण्यासारखं काय दिसलं तुला ह्यांच्यात?"

बायकोनं मालकाकडे पाहिलं. खरं सांगावं तर घोडा जातो, खोटं सांगावं तर अब्रू. ती पुटपुटली, "कुणीतरी फार मारलं असणार लहानपणी. म्हणून अंगावर यायचे. हळू बोललं, मानेवरून हात फिरवला, की डोकं खांद्यावर टाकायचे."

"मी कधी हात फिरवूनच पाहिला नाही गं," असं म्हणून विधवा हमसून हमसून रडायला लागली.

पाहुण्यानं कान टवकारले आणि फाटक मागे टाकून, तिरडीसकट, सरळ पुढे चालू लागला. मुलगे धावले, सुना धावल्या. ह्या घराला त्या माणसाच्या मागे धावताना लोकांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"बाई, रडू नका! तुम्ही रडताय म्हणून तो चालतोय!" बायको ओरडली.

विधवेनं हुंदका गिळला. पाहुणा उभा राहिला आणि मान वळवून गाजराची वाट बघू लागला.

"म्हणजे ते सगळं... घोड्याबद्दल होतं?"

"हो बाई. चुकले."

मालक धापा टाकत पोचला. "माफ करा बाईसाहेब. उद्याच ह्याला कसायाकडे..."

"हात लावायचा नाही त्याला," विधवा डोळे पुसत म्हणाली. "ह्या घरातलं पुढचं मयत माझं. मला न्यायला हाच पाहिजे. माझ्या वेळी कुणी रडलं नाही, तर हा उभाच राहील, आणि निदान कुणी हलणार तरी नाही."

मालकानं आलेलं काम आजवर कधी नाकारलं नव्हतं. त्यानं अदबीनं हात जोडले.

"जशी आज्ञा. साधारण कधी लागेल?"

"घाई नाही," विधवा म्हणाली आणि तिनं जरा भीतभीतच पाहुण्याच्या मानेवर हात ठेवला. "तोवर त्याला नीट खाऊपिऊ घाला."