मारोतीअण्णांचा पुकारा

मारोतीअण्णा आपल्या कुत्र्यांना हाक मारत नसत, त्यांचा पुकारा करत. सकाळी अंगणात ताठ उभं राहायचं, घसा खाकरायचा आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज लावायचा, "शेरा आणि लाल्या, हाजीर होऽ!" तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्याआधी कुत्री कधी उठत नसत, आणि अण्णांना त्याचंच कौतुक. "कायदा पाळतेत," म्हणायचे.

अहमदपूरच्या कोर्टात अण्णांनी शिपाई म्हणून जन्म काढला होता. काम मुख्य एकच, पक्षकारांच्या नावाचा पुकारा. नोकरी संपली, बायको गेली, पोरबाळ नव्हतं. आवाज तेवढा शाबूत राहिला होता, आणि त्याला काहीतरी काम हवं होतं. त्यांचं आणि आमचं परसदार लागून, मधे तुराट्यांचं कुंपण. त्यांच्याकडे दोन कुत्री, माझ्याकडे कोंबड्या. पुढचं कुणालाही कळेल.

ते वर्ष दुष्काळाचं. म्हैस चारा छावणीत गेली, दूध बंद झालं, आणि मोठ्या दुखण्यातून उठलेल्या सासऱ्यांना मी रोजच्या अंड्यावर सावरत होते. म्हणून पहिली कोंबडी गेली तेव्हा मी पिसं पदरात गोळा केली आणि थेट अण्णांच्या दारात ओतली.

अण्णांनी चष्मा लावला. "मुद्दई हाजीर हाय का?"

"अण्णा, मी समोर उभी हाय."

"इचारावं लागतंय, ताई. रीत हाय."

मग आरोपींचा पुकारा झाला. लाल्याच्या मिशीला पीस चिकटलेलं.

"बघा!" मी म्हणाले.

"पुरावा दिसून राहिला," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "पर आरोपीला वकील न्हाई. सोमवारची तारीख."

सोमवारी गेले, तर आरोपी सावलीत झोपलेले. "तब्येत बरी न्हाई त्यांची. पुढची तारीख."

तारखांवर बसून राहणं मला जमत नाही. मी कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावल्या, खुराड्याला जुनी बाज आडवी बांधली, कोंबड्या सोडायची वेळ बदलली. कुत्र्यांनीही वेळ बदलली. दुसरी कोंबडी गेली. अण्णांनी दोघांना जामिनावर सोडलं. जामीनदार, स्वतः अण्णा.

मग अंड्यांवर बसलेली तांबडी कोंबडी गेली. अंडी सगळी फुटली. त्या दिवशी मी उंबऱ्यातूनच बोलले, "आज निकाल पाहिजे, अण्णा. आमचे मालक कुत्र्यांना विष घालतो म्हणून राहिले."

अण्णा आत गेले, ताटली घेऊन आले. तिच्यात अर्धी भाकर. तिचे दोन तुकडे करून त्यांनी कुत्र्यांपुढे टाकले.

"उरलेली अर्धी मी खाल्ली. भुकेचा गुन्हा हाय, ताई, सवयीचा न्हाई." मग ते ताठ उभे राहिले. "आता लातूर आपला नवा जिल्हा झालाय. म्हंजी आपली हद्द झाली. दोघं बी जिल्ह्यातून तडीपार!"

सारी गल्ली हसली. मीही हसले. अण्णा मात्र खरंच बोलत होते. छावणीसाठी किनवटकडून गवत आणणारा ट्रक रिकामा परत जायचा, आणि किनवटला त्यांचा भाचा एका वसतिगृहावर राखणदार होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दोघांना ट्रकमध्ये चढवून बांधलं.

"अण्णा, तुमचे गुन्हेगार आमच्या नांदेड जिल्ह्यात कशाला?" ड्रायव्हरनं विचारलं.

"वसतिगृहात पोरांचं उष्टं उरतंय. पोटभर खातील."

"मग मलाबी करा की तडीपार!"

अण्णा हसले नाहीत. ट्रक हलला तसा शेरा भुंकायला लागला. अण्णांनी तोंड फिरवलं. कोर्टात एखादा पक्षकार रडायला लागला की असंच फिरवत असतील.

माझ्या कोंबड्या मोकळ्या फिरू लागल्या. सासरे काठीशिवाय अंगणात यायला लागले. सगळं मार्गी लागलं म्हणून मी अण्णांना दोन अंडी नेऊन दिली. त्यांनी हात मागे घेतला. "मुद्दईकडून घेता येत न्हाई, ताई."

एका सकाळी मी खुराड्याची फळी काढून कोंबड्या सोडत होते, तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला. गल्लीला नव्हे, अंगणाला पुरेल एवढाच. "शेरा आणि लाल्या, हाजीर होऽ." तीनदा. कोंबड्या सवयीनं बाजेमागे पळाल्या. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर अण्णा थांबले, लांबून येणाऱ्या माणसासाठी थांबावं तसे.

मी तुराट्या बाजूला केल्या. अंगण झाडलेलं होतं. टँकरच्या पाण्यानं कुत्र्यांची परात काठोकाठ भरलेली होती.

"अण्णा, निकाल लागलाय की."

"हाव. ठावं हाय." त्यांनी परातीत पडलेलं पान काढून टाकलं. "सोमवारची तारीख देऊन राहिलो."

तांबडी कोंबडी गेली तेव्हा मीही एक तारीख घेतली असती, तर काय बिघडलं असतं?

सोमवारी मी कोंबड्या जरा उशिरा, तिसऱ्या पुकाऱ्यानंतर सोडल्या.